आत्याने दिलेली शेवटची बातमी

माझी आत्या बावीस वर्षं एका दैनिकात बातमीदार होती. नगरपालिका हा तिचा विषय. शहरातल्या प्रत्येक पाण्याच्या टाकीवर ती स्वतः चढून आली होती. माझे वडील म्हणायचे, ही माहेरी कमी आणि टाकीवरच जास्त असते.

तिच्या बातम्यांमुळे एक मोडकळीला आलेली टाकी पाडावी लागली. तेव्हा त्या टाकीखालच्या वस्तीतल्या बायकाच घरी आल्या आणि निवडणुकीला उभी राहा म्हणून हटून बसल्या. आत्याने त्यांच्याकडे आठवडाभराची मुदत मागितली. मग तिने संपादकांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. ती निवडून आली, दुसऱ्या खेपेला नगराध्यक्षही झाली.

त्याच वर्षी शाळेमागच्या गल्लीत नळाला गटाराचं पाणी आलं. चाळीस माणसं आजारी पडली, एक म्हातारे गृहस्थ दगावले. ठेकेदारावर ढकलून मोकळं व्हावं, असं अधिकाऱ्यांनी सुचवलं. आत्याने फायली मागवल्या. त्यात गल्लीतल्या शिंपीणबाईंचा दोन महिन्यांपूर्वीचा अर्ज निघाला, पाण्याला वास येतो म्हणून. त्यावर आत्याचीच सही होती, न वाचता ठोकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झाडून सगळ्या बातमीदारांना नगरपालिकेत बोलावलं. मी तिची औषधं द्यायला गेले होते आणि दारातच उभी राहिले.

"अर्ज माझ्याकडे आला होता. मी तो वाचला नाही. लिहून घ्या."

तिच्याच जुन्या दैनिकातल्या मुलीने अडखळत विचारलं, "तुम्ही अर्ज वाचला असता, तर ते आजोबा वाचले असते?"

एक अधिकारी मध्ये पडायला उठला. आत्याने त्याला हातानेच बसवलं.

"हो. बहुतेक वाचले असते."

दोन तास ती टेबलाला धरून प्रश्न झेलत होती, पाणीसुद्धा प्यायली नाही. तिथून ती चालत त्या आजोबांच्या घरी गेली. मुलाने दार लावून घेतलं. ती अंगणात उभीच राहिली. बऱ्याच वेळाने सुनेने एक खुर्ची बाहेर आणून ठेवली.

आत्याने नगराध्यक्षपद सोडलं, पण नगरसेवकपद ठेवलं आणि गल्लीतली पाइपलाइन बदलेपर्यंत रोज खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. पुढच्या निवडणुकीत ती सपाटून पडली. बातमीदारांसमोर घाबरली नव्हतीस का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "पाय लटपटत होते गं. म्हणून तर टेबल धरलं होतं."

मला मात्र त्या दिवशी ती टाकीएवढी उंच दिसली होती.