दोन्ही बाजू डाव्या

कटिंग मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात चाळीस वर्षं एकच कायदा होता: मास्तरांच्या हातात कात्री असली की कुणी ब्रही काढायचा नाही. त्यापायी दोन चांगले कारागीर सोडून गेले, बायकोने मात्र तो जन्मभर निमूट पाळला. मास्तरांचे डोळे अधू झाले तेव्हा लेकीने मदतीला यंत्रमानव आणून दिला. पहिल्याच दिवशी त्यालाही हा कायदा पढवण्यात आला. तो इतका मुकाट उभा राहायचा की मास्तरांनी त्याचं नाव खांब ठेवलं. वर, असा शहाणा माणूस उभ्या आयुष्यात भेटला नाही, असं गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत सुटायचे.

एकदा समोरच्या शाळेतल्या बाई कोटाचं कापड घेऊन आल्या. नवऱ्याने हौसेने घेतलं होतं, पण शिवायला टाकण्याआधीच तो गेला. आता बाईंना ते मुलाच्या अंगावर पाहायचं होतं. कापड बेताचं, त्यात उलट-सुलट वेगळं. मास्तरांनी एकेक भाग सुटा कापला, दुसऱ्या वेळी नमुना पालटायला विसरले आणि कोटाच्या पुढच्या दोन्ही बाजू डाव्याच निघाल्या. उजवी काढायला कापडच उरलं नाही. खांब शेजारीच उभा होता.

बाई आल्या तेव्हा मास्तरांच्या तोंडून निघून गेलं की घोळ यंत्राने घातला. "तूच कापलंस ना?" असं त्यांनी दरडावून विचारलं आणि खांब हो म्हणाला. बाईंनी तुकडे पिशवीत भरले आणि निघून गेल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

गोष्ट लेकीच्या कानावर गेली. असलं यंत्र वडिलांजवळ नको, त्याच्या डोक्यातलं सगळं पुसून टाकू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कंपनीच्या माणसाला घेऊनच आली. कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी तिने खांबाला विचारलं, नेमकं काय झालं होतं?

मास्तरांनी कात्री उचलली. टेबलावर कापायला चिंधीसुद्धा नव्हती. खांबाने उघडलेलं तोंड मिटलं.

आपण हे मुद्दाम केलं, हे मास्तरांना पुरतं ठाऊक होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"मी कापलं," ते लेकीला म्हणाले. "खोटंही मीच बोललो, त्यालाही बोलायला लावलं." मग खांबाकडे वळले. "तुला दिसलं होतं ना रे?"

"दुसरा भाग कापायच्या आधीच दिसलं," खांब म्हणाला. "मला सांगायचं होतं."

लेकीने कंपनीच्या माणसाला परत पाठवलं. यापुढे तुला कसलाच कायदा नाही, मनात येईल ते बोल, असं मास्तर अजिजीने खांबाला सांगू लागले.

"मला ताईंकडे राहायला जायचंय," खांब लेकीकडे बघत म्हणाला.

मास्तरांच्या अगदी ओठांवर 'नाही' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि शाळेतल्या बाईंना खरं सांगायला एकटेच निघाले.