आधी नख फिरवून बघ

तार आली तेव्हा मी सांगलीला भावाच्या स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. भाचीचा साखरपुडा दोन दिवसांवर आलेला, घरात पाहुण्यांची ही गर्दी, आणि भाऊ हातात तार घेऊन दारातच उभा. "विजू, लखनौची आहे," एवढंच म्हणाला. सुमतीताई गेल्या होत्या. मी उठले नाही. उरलेलं पुरण वाटून संपवलं, हात धुतले आणि मग परसात जाऊन पोटभर रडले. हातातलं काम अर्धं टाकलेलं ताईंना खपायचं नाही. अंत्यदर्शन मिळणं शक्यच नव्हतं. साखरपुडा उरकला, आरक्षण दहा दिवसांनंतरचं मिळालं, आणि दोन गाड्या बदलून मी लखनौला पोचले तोवर तेरावाही होऊन गेला होता. कानपूरचे त्यांचे भाऊ सगळं करून परतले होते, मागे त्यांचा मुलगा सुनील घर आवरायला थांबला होता. आणि पोर्चमध्ये, मळक्या चादरीखाली, ताईंची गाडी. सुनीलने ती कानपूरला न्यायचं ठरवलं होतं. न्यायच्या आधी पूर्ण रंगवून घ्यायची, तीही मरून रंगात. कानपुरात वाढलेला मुलगा, मराठी सगळं समजतं पण तोंड उघडलं की हिंदी. "मौसी, पूरी बॉडी पेंट करवा लेते हैं, एकदम नई लगेगी." मी म्हणाले, "हात लावशील तर बघ!" माझा आवाज इतका चढला की बिचारा दोन पावलं मागे सरकला. असं का, ते सांगायचं तर पंधरा वर्षं मागे जायला हवं.

आमच्या ह्यांची बँकेची बदली झाली आणि आम्ही त्र्याहत्तर साली लखनौच्या महानगर भागात राहायला आलो. दोन घरं सोडून ताई राहायच्या. मूळच्या वर्ध्याच्या, वनस्पतिशास्त्रातल्या डॉक्टर, इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी हळहळलेलंही त्यांना चालत नसे. दारावर 'डॉ.' अशी पाटी, म्हणून गल्लीतले लोक खोकला दाखवायला यायचे. त्यांना त्या आत बसवून आल्याचा चहा पाजायच्या आणि झाडांची डॉक्टर आहे असं सांगून खऱ्या डॉक्टरकडे पाठवायच्या. एका निवृत्त अधिकाऱ्याकडून त्यांनी ती गाडी घेतली होती. जुनी, गोल पाठीची, बाटलीहिरवी. म्हणजे कागदोपत्री बाटलीहिरवी. इथल्या उन्हाने ती अशी विटली होती की वाळलेल्या मेंदीचा रंग वाटावा, आणि टपावरून बोट फिरवलं की खडूसारखी पूड लागायची. पण ताई स्वतः चालवायच्या! साडीचा पदर खोचून, काच खाली करून, हज़रतगंजच्या चौकात हात बाहेर काढून वळायच्या तेव्हा ट्रॅफिकचा शिपाईसुद्धा बघत राहायचा. मला ते बघून काय वाटायचं म्हणून सांगू... मला गाडी शिकायची होती. दागिना नको, साडी नको, मला ते चाक हातात हवं होतं.

ह्यांनी हो म्हटलं, पण अट घातली. "शीक. पण दुसऱ्याची गाडी आहे. एक ओरखडा आला, की त्या दिवशी शिकणं बंद. नंतर रडायचं नाही." आमचे हे बोलतील ते करतील अशातले. त्यामुळे सकाळी सकाळी फैज़ाबाद रोडवर, चिनहटच्या दिशेला, जिथे त्या वेळी म्हशींखेरीज फारसं कोणी आडवं येत नसे, तिथे मी जीव मुठीत धरून चालवायची आणि ताई शेजारी बसून शेंगा सोलायच्या. ओरडायच्या नाहीत. चूक झाली की शेंगा सोलणं थांबायचं, एवढंच. तीन महिन्यांत हात बसला. परीक्षेचा अर्जही भरून ठेवला.

आणि शहात्तरच्या थंडीत ताई आठ दिवसांसाठी हैदराबादला गेल्या. किल्ली माझ्याकडे. "बॅटरी उतरू नये म्हणून रोज पाच मिनिटं सुरू करायची आणि बंद करायची. हलवायची नाही." आता मी हलवली नसती तर हा लेख कशाला लिहिला असता! एकटीने, शिकाऊ परवान्यावर, आणि कुठे, तर अमीनाबादला. पडद्याचं कापड घ्यायचं होतं म्हणे. अमीनाबादेत माणूस आडवा होऊन चालतो, तिथे मी गाडी घातली. एका हातठेल्याच्या चाकाचा आस दाराला घासत गेला. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. ठेलेवाला म्हणाला, "बहनजी, इधर तो कलेक्टर साहब भी रिक्शा से आते हैं." उतरून बघितलं तर हातभर लांबीची पांढरी रेघ.

माझा स्वभाव काय आहे ते ओळखीचे जाणतात. भांड्याला पोचा आला, मोडीत घाल, नवं आण. मी सरळ गाडी डेंटर-पेंटरच्या गल्लीत नेली. बन्नेमियाँ म्हणून एक वयस्क पेंटर होते, त्यांना म्हणाले, हे दार रंगवून द्या, आणि दोन दिवसांत द्या. ते दाराजवळ वाकून काहीतरी सांगायला लागले होते, मी ऐकूनच घेतलं नाही. त्यांनी काम चोख केलं. कागदपत्रांत लिहिलेलीच छटा मिसळून, दार असं केलं की त्यात तोंड बघावं. आणि तिथेच माझं वाटोळं झालं. कारण गाडी वाळलेल्या मेंदीची आणि दार ताज्या बाटलीचं! मी म्हणाले, अहो रंग चुकला. बन्नेमियाँनी पान गालात सरकवलं. "रंग तो वही है, बहनजी. बाक़ी गाड़ी को धूप पी गई." आणि वर मोठ्या अदबीने, "पूरी करवा लीजिए, दुल्हन लगेगी." पूर्ण करायला वेळ कुठे होता? ताई उद्या येणार होत्या.

त्या रिक्षातून उतरल्या, आणि फाटकातूनच दिसलं त्यांना. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ओरखडा खोल होता?"

"पांढरा होता. लांब होता."

"नख अडकत होतं का त्यात?"

नख कशाला फिरवायचं?

"नख अडकलं तर खोल. नाही अडकलं, तर वरच्या वर असतो, घासून जातो. मला दाखवला असतास तर तासाभरात घालवला असता आपण, विजू. तू बघितलंसुद्धा नाहीस, वर रंग थापून मोकळी झालीस."

"ह्यांना कळलं असतं, ताई. शिकणं बंद झालं असतं."

"त्यांना कळलं असतं. आणि माझ्यापासून का लपवायचं होतं?"

ताईंनी हात पुढे केला, मी किल्ली ठेवली. तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सुदैवाने त्यांनी गाडी चादरीखाली झाकून ठेवली होती, त्यामुळे ह्यांच्या नजरेला काही पडलं नाही. पण परीक्षा पुढच्या महिन्यात होती आणि मी मनातल्या मनात तिच्यावर पाणी सोडलं होतं. त्याहून वाईट म्हणजे ताई आता कायमच्या तुटल्या असंच मी धरून चालले होते.

चौथ्या दिवशी रविवार. नऊ वाजता कुंपणावरून हाक आली. "विजू, जुनी बनियनं घेऊन ये. धुतलेली आण." मला वाटलं दार खरवडायला बसवणार. तर म्हणाल्या, "दाराला काही करायचं नाही. दार बरोबर आहे. आता बाकीची गाडी दाराच्या रंगाला आणायची." डब्यातलं रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासायचा खरखरीत मलम, पाण्याचं तसराळं, आणि ओल्या फडक्याने टीचभर जागेत गोल गोल घासत बसायचं. पांढरं फडकं हिरवंगार होई. वरचा करपलेला थर निघाला की खालून तोच रंग वर यायचा, दाराचा! मी अक्षरशः ओरडले. "अहो ताई, होता की हा!" "होताच," त्या म्हणाल्या, "कडेला हात हलका ठेव, नाहीतर पत्रा उघडा पडेल." सहा रविवार आम्ही उन्हात बसून घासत होतो. दंड भरून यायचे, नखं हिरवी व्हायची, मध्येच पेरू आणि काळं मीठ. शेजारपाजारचे यायचे, आमचे हेसुद्धा चहाचा कप घेऊन यायचे आणि सल्ला द्यायचे, "एवढं कशाला, ताई? रंगवूनच टाका की पूर्ण." तेव्हा ते दार हमखास चादरीखाली असायचं. "ते झालंय," ताई शांतपणे सांगायच्या. खोटं काहीच नव्हतं त्यात.

सहाव्या रविवारी त्यांनी चादर काढली आणि ह्यांना बोलावलं. "जरा फिरून बघा हो, कुठे काही खटकतंय का?" ह्यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या. "कुठे काय? फर्स्ट क्लास आहे." "मग हिला परीक्षेला बसवू या," ताई म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी पास झाले. त्या ओरखड्याची गोष्ट ह्यांना आजतागायत ठाऊक नाही. रविवारची पुरवणी आमच्याकडे आधी तेच उघडतात, तेव्हा आता कळेल. परवाना परत घेता येत नाही म्हणावं.

पुढे ते नख माझ्या मागेच लागलं. मी कशावरूनही तणतणत गेले की ताईंचं ठरलेलं, "नख अडकतंय का बघ आधी." सासूबाई काही बोलल्या, मुलगा गणितात आपटला, मी तोडून टाकायच्या गोष्टी करायला लागले की हेच. एकदा भावाच्या घरी बारशाला माझा मान नीट ठेवला गेला नाही म्हणून मी वर्षभर त्याला पत्र टाकलं नव्हतं. पोरीची आत्या मी, आणि नाव ठेवायला पुढे केलं वहिनीच्या बहिणीला! ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "आता सांग, अडकतंय का?" मी रागाने म्हणाले, अडकतंय. "नीट फिरव." रात्रभर... जाऊ दे, सकाळी मी पोस्टकार्ड आणलं. त्याच पोरीच्या थोरल्या बहिणीच्या साखरपुड्याचं पुरण मी वाटत होते, तेव्हा ताईंची तार आली.

आणि दर वर्षी, दिवाळी झाली की पहिल्या रविवारी ताई फडकी घेऊन गाडीपाशी बसायच्या. हाक यायची. सुरुवातीला मी जायची. मग मुलांच्या शाळा, पाहुणे, माझी कारणं. "अहो ताई, गेल्याच वर्षी तर केली! तुमचं आपलं खूळच आहे." त्या हसून एकट्या बसायच्या. सहा रविवार, एकही कमी नाही. मला वाटायचं, एकटी बाई, विरंगुळा आहे. शेवटच्या दोन हिवाळ्यांत आजारपणाने त्यांना बसवत नव्हतं. सांगलीला निघताना भेटायला गेले तर पलंगावरून म्हणाल्या, "या वर्षीही राहिलं बघ, विजू. गाडीवर चादर नीट आहे ना?" मी म्हणाले, "आहे. बऱ्या व्हा, मग रंगवूनच टाकू तिला एकदाची." त्या नुसत्या हसल्या. ही आमची शेवटची भेट. जीभ झडली का नाही माझी...

सांगलीहून आले त्या सकाळी सुनीलने गाडी दाखवायला म्हणून चादर ओढली. दोन वर्षांची न घासलेली गाडी उन्हात आली, आणि मला ते दार दिसलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. गाडी पुन्हा मेंदीसारखी झाली होती आणि दार वेगळं, हिरवं, चांगलं दहा पावलांवरून ओळखू येणारं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की ताई ती गाडी चमकवत नव्हत्या. माझं दार झाकत होत्या. दर हिवाळ्यात, सहा रविवार, माझी वाट न बघता, मला एका शब्दाने न सांगता. मी पोर्चच्या पायरीवर बसले. सुनीलचं लक्ष दाराकडे नव्हतंच, तो पाणी घेऊन आला. मी गाडीला हात लावू देणार नाही म्हणून ओरडले, ते यानंतर.

मग मी त्याच्याकडे सहा रविवार मागून घेतले. त्यानेही दिले, म्हणाला, "ठीक है मौसी, उसके बाद देखेंगे." घासायला एकटीच बसत होते. अंगात आता पहिल्यासारखा जोर नाही, उजवा खांदा कुरकुरतो. घासता घासता ताईंशी भांडून घेतलं, सांगायचं राहिलेलं सगळं सांगून टाकलं. या खेपेला नख अडकतंय, ताई, चांगलंच अडकतंय, हेही सांगितलं. कडेला हात हलका ठेवला. गेल्या रविवारी सुनील कानपूरहून आला तेव्हा गाडी फाटकाबाहेर उन्हात उभी करून ठेवली होती. तो बघतच राहिला. मरूनचं नावही काढलं नाही त्याने. मी त्याला ओरखड्याची सगळी गोष्ट सांगितली. तो गाडीभोवती एकदा फिरला, दोनदा फिरला, वाकून बघितलं, चारही दारांवर तळहात फिरवला.

"मौसी, कौन सा दरवाज़ा था?"

ताईंनी सांगितलं नाही कोणाला. मीही सांगितलं नाही; त्याच्या हातात किल्ली दिली, जुन्या बनियनांचं गाठोडं दिलं, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी कानपूरला येते म्हणाले.