ऐन तेंदूत लावलेला कोडिंगचा वर्ग

कोडिंग घरीच शिकावं की पैसे भरून वर्ग लावावा, असं गावाकडची पोरं मला फोनवर विचारतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच, म्हणून त्यांना वाटतं, हिला माहीत असेल. मला माझ्यापुरतंच माहीत आहे.

बी.ए. झाल्यावर आठ महिने मी घरीच शिकले. आमचं गाव अहेरीच्या पुढे. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथे उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि पडद्यावरचा कोड जसाच्या तसा वहीत उतरवायचा. कॉम्प्युटर नव्हताच. दोन वह्या भरल्या. त्यांचा मला आजही अभिमान आहे.

मग नागपूरच्या तीन महिन्यांच्या वर्गात जागा मिळाली. आईने बिडीच्या तेंदूपानांवर मिळालेला बोनस फीसाठी काढून दिला. पण वर्ग सुरू होणार ऐन तेंदूत, पानं तोडायच्या हंगामात. पहाटे जंगलात पानं तोडायची, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, विकायला न्यायचे. वर्षभरात आई एका जागी बसायची ती त्या दुपारीच. बांधता बांधता लग्नाआधीचं काहीबाही सांगायची. एरवी विचारलं तरी बोलायची नाही.

"तेंदू झाला का जाईन," मी म्हटलं.

"वर्ग का तुयासाठी थांबते? पानं बांधाले मी आहो ना. जाय तू."

गेले. पहिल्या दिवशी वहीतला कोड टाईप केला, तर चालेचना. शेजारी कोरपन्याचा एक जण होता. तो वाकून बघायला लागला.

"ओ ताई, हे एक, दोन, तीन काऊन लिहून राह्यली? किराण्याची यादी हाय का?"

"व्हिडिओत होते."

"अवो, ते ओळींचे नंबर. कॉम्प्युटर आपल्या मनानं दाखवते."

तो खूप हसला, मग मीही. आठ महिने मी प्रत्येक ओळीआधी आकडा लिहीत होते आणि ते सांगणारं शेजारी कोणी नव्हतं. फी भरली ती त्या शेजारासाठीच, असं मला वाटतं. वह्या भरल्या नसत्या तर मात्र दुसऱ्याच आठवड्यात मागे पडले असते. नोकरी लागली, पैसे वसूल झाले. हे मी पोरांना सरळ सांगते.

नंतर दोन उन्हाळे सुट्टी मिळाली नाही. यंदा मिळाली, तसा लगेच फोन केला.

"आई, तेंदूला येते आहे."

"आता कोण जाते जंगलात? गुडघे नाई चालत मायेवाले. मागच्या सालीच बंद केलं."

मी नागपूरला जायच्या आदल्या वर्षीच्या तेंदूत ती सांगत होती, मैत्रिणीबरोबर घरी न सांगता नदीपार जत्रेला गेली होती ते. पानं संपली आणि ती उठली. पुढे काय झालं, म्हणून फोनवर विचारलं.

"कोणती जत्रा?" ती म्हणाली. "मले नाई आठवत."