भरमूनं लावलेला तानपुरा

जांबोटीच्या शाळेत चौथीपर्यंत मी आणि भरमू एका तरटावर बसलो. भरमूला पाढे येत नव्हते, पण बस कुठल्या वळणावर आहे ते यायचं. त्या काळी दिवसाला एकच बस, तीही तिच्या मनात आलं तर. गुरुजींना बेळगावला जायचं असलं की ते भरमूला वर्गाबाहेर पायरीवर बसवायचे. तो डोळे मिटून बसायचा आणि मध्येच सांगायचा, "गुरुजी, चढाला लागली." मग गुरुजी निवांत चहा पिऊन, धोतर सावरून थांब्यावर पोचायचे आणि तेवढ्यात बस यायची. एकदा तो म्हणाला, ही बस न्हवं, ट्रक आहे. गुरुजींनी ऐकलं नाही. धावत गेले आणि लाकडाच्या ट्रकला हात करून भर पावसात उभे राहिले. गावाला ती गोष्ट दोन वर्षं पुरली.

असा हा कान. चौथीनंतर मामानं त्याला मिरजेला तंतुवाद्यं करणाऱ्या एका कारागिराकडे ठेवलं. पहिली दोन वर्षं तो नुसते भोपळे घासत होता. हातांची सालटी निघाली, तरी तारेला हात लावायला मिळाला नाही. तिसऱ्या वर्षी उस्तादांनी त्याच्या हातात सुताचा धागा दिला. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिथं प्रत्येक तारेखाली असा एकेक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, पोळ्यातल्या माश्यांसारखी घुमायला लागते. याला जवारी म्हणतात. चांगल्या चांगल्यांना जवारी काढायला दुपार लागते. भरमू विडा लावायच्या वेळात काढायचा.

लग्नानंतर त्यानं बेळगावच्या अनगोळात दुकान टाकलं. दुकान म्हणजे काय, एक बाकडं, चार पेट्या आणि छताला टांगलेले तानपुरे. त्याची बायको जयाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ह्यास्नी माझी हाक सोडून जगातलं सगळं ऐकू येतं. तो हसायचा आणि तिला म्हणायचा, तुझा सूर चढा हाय, तो खाली आण, मग ऐकतो.

शहरातलं एक संगीत मंडळ दर जानेवारीत तरुण मुलामुलींची शास्त्रीय गायनाची स्पर्धा भरवतं. तीन दिवस चालते. पुकारा मराठीत आणि कन्नडात. धारवाड, हुबळी, मिरज, कोल्हापूर, सगळीकडून पोरं येतात. मंडळाचा एक हट्ट आहे, मोबाईलमधला तानपुरा चालणार नाही, खराच पाहिजे. रंगमंचामागच्या खोलीत भरमू बसायचा. मुलांसाठी एक तानपुरा, मुलींसाठी एक. पोर आलं की त्याची पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरात गातं ते, विचारायची, त्या पट्टीत तानपुरा लावून हातात द्यायचा. चाळीस वर्षं हे त्यानं केलं. मी उद्यमबागेतल्या फौंड्रीतून सुटल्यापासून त्याच्या शेजारी बसायला लागलो. नंबर पुकारायचा आणि चहा आणायचा, एवढंच माझं काम.

त्या खोलीचा एक अलिखित रिवाज होता. भरमूअण्णानं लावलेल्या तानपुऱ्याची खुंटी पुन्हा कुणी पिळायची नाही. एकदा कोल्हापूरचा एक मास्तर पिळायला गेला, तर परीक्षक म्हणून आलेल्या म्हाताऱ्या गवयांनीच त्याचा हात धरला. ती हकिकत पोरांना त्यांचे मास्तर सांगत. घोटून घोटून सांगत.

आता बोरगावच्या सिद्रामाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सिद्राम निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होता. रात्री भीमगीतं म्हणायचा, फुटकी पेटी घेऊन. चाळीसेक वर्षांमागं तो ती पेटी दुरुस्तीला घेऊन बेळगावात फिरला. दोन दुकानांत त्याला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग आज वेळ नाही म्हणाले. भरमूनं काहीच विचारलं नाही. पेटी उघडली, सिद्रामाला आपल्या शेजारी बाकड्यावर बसवलं आणि म्हणाला, बघत बस, पुढच्या टायमाला तुझं तुला करता याला पाहिजे. जयाबाईनं दोघांना एका ताटलीत भजी दिली. सिद्राम संध्याकाळपर्यंत बसला. सूर कसा धरायचा, कसा सोडायचा, ते त्याला त्या बाकड्यावर कळलं. त्यानंतर त्याला दुसरा गुरू नव्हता. त्याचा मुलगा दीपंकर शिकून हायस्कुलात मास्तर झाला आणि नात अक्षरा गायला लागली. अक्षराला सिद्रामानंच तयार केलं. नंतर ती निपाणीत एका बाईंकडे शिकली, पण पाया सिद्रामाचा.

आणि आता जे सांगायचं टाळत होतो ते.

दोन वर्षांमागं स्पर्धेत भरमूनं मुलींचा तानपुरा लावला आणि शहरातल्या शामू मास्तरांच्या एका शिष्येला दिला. ती रंगमंचाच्या कडेला गेली. पडद्याआड मास्तरांनी तार छेडली, इकडंतिकडं बघितलं आणि पंचमाच्या पहिल्या तारेची खुंटी हळूच पिळली. मी चहाची किटली घेऊन तिथंच उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि बोट ओठावर ठेवलं. मला सुरातलं काही कळत नाही. पण मला कळलं.

मुलींची पट्टी उंच, तारा बारीक. भरमूला खालचे सूर नीट ऐकू येत होते, वरची बारीक गुणगुण जात चालली होती. मुलांचा तानपुरा बिनचूक लागायचा, मुलींचा पंचम उतरायचा. किंचित. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी शहरातले सगळे मास्तर पडद्याआड खुंटी पिळत होते. भरमूला कुणी बोललं नाही. ज्यानं चाळीस वर्षं आपल्या पोरांना सूर दिला, त्याला तुझा कान गेला म्हणून कुणी सांगायचं? मी तर लहानपणचा सोबती. मीसुद्धा चहाच देत राहिलो.

गेल्या जानेवारीत अक्षरा आली. मंडळानं त्या वर्षी मोठं बक्षीस ठेवलं होतं. पहिल्या येणाऱ्याला धारवाडला गुरूच्या घरी राहून चार वर्षं शिकायचं, सगळा खर्च एका ट्रस्टचा. वयाची अट अठराच्या आत. अक्षराला अठरा पुरी व्हायला तीन आठवडे होते, म्हणजे हीच खेप. सिद्राम तिला घेऊन खोलीत आला आणि भरमूच्या पाया पडला. भरमू वैतागला, वयानं तू मोठा की मी, म्हणाला. मग अक्षराला पट्टी विचारली. काळी चार. त्यानं तानपुरा मांडीवर घेतला, मन लावून बराच वेळ लावला. मला त्याची बोटं दिसत होती. शामू मास्तर दारात आले, सिद्रामाकडे बघून काही बोलावं असं त्यांच्या तोंडावर आलं, आणि ते परत गेले. त्यांची सौम्या आधीच गाऊन गेली होती, मुलींत अक्षरा शेवटची.

तार छेडल्यावर अक्षरानं एकदम मान वर केली. आधी भरमूकडे बघितलं, मग आजोबाकडे. सिद्राम म्हणाला, "अण्णांच्या हातचा हाय. जा, बिनघोर गा."

ती गेली. भीमपलास गायली. आवाज गोड, तयारीचा. पण मला शेजारी उभ्या स्वयंसेवकानं सांगितलं, पोरगी पंचमावर थांबतच न्हाय, जवळ आली की वळसा घालून जातीया. पेटीवाल्यानं दोनदा मान वर करून तिच्याकडे बघितलं. समोर तीन परीक्षक, त्यांतल्या मुख्य धारवाडच्या रचनाताई. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि मध्येच त्यांनी डोळे उघडले.

निकाल सांगताना परीक्षक रंगमंचावरून प्रत्येकाला दोन शब्द सांगतात, तो तिथला पायंडा. सौम्या पहिली आली. चांगली गायली होती, तिचं काही खोटं नव्हतं. अक्षराची पाळी आली तेव्हा रचनाताई म्हणाल्या, गळा उत्तम आहे, तालीम चांगली आहे. "पण ज्या मुलीला आपल्या तानपुऱ्याचा पंचम उतरलाय हे कळत नाही, तिचा कान अजून तयार नाही. धारवाडला ती टिकणार नाही."

खाली बसलेले मास्तर एकमेकांची तोंडं बघायला लागले, त्यातच शहाण्या माणसाला सगळं कळलं असतं. भरमू मागच्या खोलीतून आला, चपला घालायचं विसरून. त्यानं तो तानपुरा उचलला, पंचम छेडला आणि रचनाताईंना विचारलं, "हा उतरलाय?"

"होय, अण्णा."

त्यानं परत छेडला. कान भोपळ्याला लावून छेडला. मग तो खाली बसलेल्या शामू मास्तरांकडे वळला.

"शामू, तुला म्हाईत हुतं?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"कवापासनं?"

"दोन वर्सं झाली, अण्णा. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून…"

"आनखी कुणाकुणाला?"

मी तिसऱ्या रांगेत होतो. उभा राहिलो नाही.

मग त्यानं अक्षराला विचारलं, तुला कळलंतं काय. ती सिद्रामाकडे बघत म्हणाली, "व्हय. पण तुम्ही लावल्याला व्हता." सिद्राम खुर्चीत नुसता बसून होता. हात दोन्ही गुडघ्यांवर, जसे शाळेत ठेवतात तसे.

भरमू परीक्षकांपुढं हात जोडून उभा राहिला. चूक माझी आहे, पोरीचं परत एकदा ऐका, दहा मिनिटं, म्हणाला. रचनाताईंचा चेहरा उतरला होता. बाई वाईट नव्हती. त्यांनी मंडळाच्या चिटणिसांकडे बघितलं. चिटणीस म्हणाले, सह्या झाल्यात, एकीचं परत ऐकलं तर बाकीच्या एकोणतीस जणांचे पालक उठतील. रचनाताई थोड्या वेळानं अक्षराला म्हणाल्या, "तू नुसता हात वर केला असतास, तर मी थांबले असते गं. तानपुरा तपासणं गाणाऱ्याचं काम असतं." तेही खरंच होतं. सौम्या स्टेजच्या कोपऱ्यात ढाल धरून उभी होती आणि रडत होती. तिच्या तानपुऱ्याची खुंटी कुणी पिळली होती ते तिला ठाऊक होतं.

भरमू त्या दिवसापासून कुणाशी फार बोलला नाही. मुलगा सौरव त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. यंत्र बसवलं. यंत्रानं माणसांची बोलणी मोठी झाली, पण तारेची गुणगुण भाजीच्या फोडणीसारखी चरचरते, म्हणाला, आणि काढून ठेवलं. गिऱ्हाइकांचे तानपुरे ज्याचे त्याला परत पाठवले.

पंधरा दिवसांनी मला म्हणाला, बोरगावला जायचंय, चल. एक तानपुरा गवसणीत घालून घेतला. निपाणीपर्यंत एक बस, पुढं दुसरी. सिद्रामाच्या घरी पोचलो तेव्हा दुपार होती. दीपंकर शाळेत. सुनेनं चहा ठेवला. अक्षरा बाहेर आली, पाया पडली आणि आईच्या मागं उभी राहिली.

भरमूनं गवसणी काढली, तानपुरा आडवा घेतला. मी त्याच्या बाजूलाच बसलो होतो म्हणून मला दिसलं, त्यानं पंचमाची खुंटी चांगला अर्धा वळसा उलटी फिरवली. मलाही ऐकू आलं, म्हणजे बघा. दोर ढिला झालेल्या बाजेसारखी तार बोंबलत होती. त्यानं चारी तारा छेडल्या आणि अक्षराला विचारलं, "बघ गं बाळ, लागलाय काय?"

ती जवळ येऊन बसली. तिनं ऐकलं. त्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"लागलाय, आजोबा. बरोबर हाय."

सिद्रामानं झटकन तिच्याकडे बघितलं. भरमू काही वेळ तारा छेडतच राहिला. मग सावकाश म्हणाला, "अगं, म्या मुद्दाम उतरवलाय. आंधळ्यालाबी कळंल इतका उतरवलाय."

सिद्राम ओरडला तिच्यावर, सांगायला काय झालं व्हतं म्हणून, आणि ओरडता ओरडता त्याचाच आवाज फुटला. हात लावायचा न्हाय म्हणून मीच शिकवलं हिला, मीच, असं तो माझ्याकडे बघून दोनदा म्हणाला. भरमूनं त्याला थांबवलं. तानपुरा अक्षराच्या मांडीवर दिला आणि म्हणाला, लाव. तिनं खुंटी पिळली, तारेवरचा मणी सरकवला, दोन मिनिटांत लावला. खोली भरली. सून चहा घेऊन दारात थांबली. भरमूला त्यातलं किती पोचलं कुणास ठाऊक. तो तिच्या बोटांकडे बघत होता.

"आता म्हण कायतरी."

"नगं आजोबा."

"का?"

"पंचम जवळ आला की मला भ्या वाटतंया."

त्यानं पुन्हा आग्रह केला नाही. तानपुरा तिथंच ठेवून आलो. परतताना निपाणीच्या स्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. बेळगावची बस लागलेली होती, पण तो उठेना. मी म्हटलं, पोरगी मायाळू हाय भरमा, तुझं मन राखायला म्हणाली. तो म्हणाला, "व्हय. सगळीच मायाळू. तूबी." मग म्हणाला, दोन वर्सं झाली, तुझ्या तोंडात जीभ न्हवती काय रं. बस गेली. तासाभरानं दुसरी आली, तिनं आम्ही आलो.

अक्षरा आता निपाणीत लॅबोरेटरीचा कोर्स करते. परवा दीपंकर बाजारात भेटला, तो म्हणाला, मार्क चांगले पडतात. गाण्याचं मी विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही. तानपुरा घरी आहे, एवढं तो जाता जाता म्हणाला. तारा ढिल्या करून ठेवलाय, म्हणजे भोपळ्यावर ताण येत नाही.