पहिली वेलांटी आणि भरतकामाचं मशीन

२००५, जूनमधला शनिवार. करायचं काम एकच होतं: फ्रीमाँटच्या दुकानातून भरतकामाचं मशीन आणायचं आणि फसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. मी आत्या, म्हणजे नाव सांगायचा मान माझा. शिवाय नाव भरलेलं दुपटं मीच आणीन, असं मी सगळ्यांना सांगून बसले होते. नाव ठरलं होतं मिहिर. भाऊ, भावजय मंजिरी आणि मी सोडून ते कोणालाही ठाऊक नव्हतं. (माझ्या नवऱ्याला, अविनाशला, मी त्या दिवशी गाडीत सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ऑफिसभर झालं असतं.)

"मशीन घे, पण सॉफ्टवेअर घेऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"मी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणून सांगतो."

दुकानदार गॅरी फार हसत होता. एवढं हसणाऱ्या माणसाकडून मी भाजीसुद्धा घेत नाही. त्याच्या स्वस्त मशीनमध्ये ठरावीक डिझाइनं होती: बदकं आणि भोपळे. महाग मशीनला कॉम्प्युटर जोडून सॉफ्टवेअरमध्ये हवं ते लिहायचं, मशीन ते भरणार.

"कुठल्याही भाषेत?" मी विचारलं.

"एनी लँग्वेज. व्हेरी इझी."

'इझी' ऐकलं की माझा हात आपोआप पर्सकडे जातो, ती घट्ट धरायला. मी म्हटलं, आत्ता माझ्यासमोर मराठीत भरून दाखवा. अविनाशने मराठी फाँटची सीडी घातली. मी नाव टाइप करणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, तू इकडे कुठे?"

कुलकर्णी काकू! काकू मनाने चांगल्या आहेत, पण त्यांना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सॅन होजेला पोचते. मी झटकन 'मदन' लिहिलं.

मदन सुरेख उमटला. टाके दाट, दांड्याही सरळ. मी कापड उलटून पाहिलं, दोरा ओढून पाहिला आणि मशीन सॉफ्टवेअरसकट घेतलं.

घरी येऊन 'मिहिर' टाइप केलं, दुपटं चढवलं आणि चहा टाकायला गेले. (पडद्यावर बघायला हवं होतं. पण माझा सगळा संशय दोऱ्यावर होता.) परत आले तर दुपट्यावर 'महिरि'.

"हे कोण?" अविनाशने विचारलं.

"तू काय दाबलंस?"

"मी हातही लावला नाही. याला पहिली वेलांटी कळत नाही, पुढच्या अक्षराला देतंय. मदनला वेलांटीच नाही, मग दुकानात कळणार कसं? थांब, आधी वेलांटी आणि मग अक्षर टाइप करून बघू."

"दुपटं एकच आहे. त्यावर आता प्रयोग नकोत."

मी गॅरीला फोन लावला. "एक खूण चुकीच्या जागी पडते. ती अक्षराच्या आधी लिहितात."

"म्हणजे आधी उच्चारतात?"

"नाही, नंतर."

"मग नंतरच लिहा ना, मॅम."

मी फोन ठेवला. लगेच वाजला. मंजिरी होती, आवाज रडवेला.

"ताई, बाळाचं नाव मदन ठेवताय? काकूंनी आत्ताच माझ्या आईचं अभिनंदन केलं."

"मिहिरच आहे गं."

"नक्की ना? दुपट्यावर काय भरलंय?"

"भरते आहे," मी म्हटलं. समोरून महिरि माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी महिरिवर जुन्या साडीच्या काठाचा तुकडा लावला, सुईत दोरा ओवला आणि साखळी टाक्याने हातानेच 'मिहिर' भरलं. बारसं अकराला होतं. पाळण्याशी काकूंनी दुपट्यावरून बोट फिरवलं.

"नवीन मशीनवर केलंस? अगदी हाताने भरल्यासारखं वाटतं गं."

"सॉफ्टवेअर चांगलं आहे," मी म्हटलं आणि त्यांना गॅरीच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला.