भाऊजींनी दिलेलं ग्राफिक कार्ड

नांदेडला कम्प्युटरचं दुकान असलेल्या माझ्या भाऊजींना, म्हणजे नवऱ्याच्या मावसभावाला, मी अजून माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.

मी लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. दिवसभर घसा कोरडा करून घरी आले की तासभर कम्प्युटरवर गेम खेळते. कुणाला सिरियल लागते, मला हे लागतं. आमचा कम्प्युटर जुना झाला होता. नवा गेम टाकला की चित्र अडकत अडकत पुढं सरकायचं आणि मी बंदूक उचलेपर्यंत समोरच्यानं मला लोळवलेलं असायचं. सगळा कम्प्युटर नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आतले चार भाग बदलायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "घरचं दुकान असताना बाहेर कशाला जायचं?"

कम्प्युटर घेऊन आम्ही नांदेडला गेलो. काय काय हवं ते मी मनाशी पक्कं करून गेले होते. पण भाऊजी माझ्याकडं बघेचनात. मी विचारायचं आणि त्यांनी उत्तर नवऱ्याला द्यायचं. सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय कुठला टाकताय, असं मी दोनदा विचारलं. ते हसले. "वहिनी, लई डोकं लावू नका. घरचा माणूस हाय मी."

भाग त्यांनी दुकानातच बसवून दिले. घरचा माणूस म्हणून आम्ही त्यांची खोकीही पाहिली नाहीत.

महिनाभर सगळं झकास चाललं. मग एका रविवारी दुपारी, भर गेममध्ये, फाट् असा आवाज झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास घरभर पसरला. मी कम्प्युटरचा डबा उघडला. पॉवर सप्लाय हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. वरचं लेबल नुसतं दाखवायला, आत माल नकली. जाताना तो गेमची चित्रं पडद्यावर आणणाऱ्या ग्राफिक कार्डालाही घेऊन गेला होता. ते कार्ड खोलून पाहिलं, तर स्क्रूंवर आधीच ओरखडे आणि पंख्याखाली कुणाच्या तरी घरची वाळलेली धूळ. नवं म्हणून आम्हाला कुणाचं तरी वापरून पिळून काढलेलं कार्ड दिलं होतं.

मी फोन केला. भाऊजी शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडची लाईट खराब असंल. अन् वहिनी, बायांनी डबा उघडल्यावर दुसरं काय व्हणार?"

एवढ्यावरही मी गप्प बसले असते. पण पुढच्या महिन्यात औशाला एक बारसं होतं. जेवणाच्या पंगतीत त्यांनी सगळ्यांसमोर गोष्ट रंगवून सांगितली. "आमच्या वहिनी फिजिक्सच्या म्याडम. कम्प्युटर असा भाजला, जसं वांगं." अख्खी पंगत हसली. नवराही हसला. माझ्या हातातली जिलेबी तशीच राहिली. त्या क्षणी मी ठरवलं, या माणसाला त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकासमोर उघडं पाडायचं.

आधी माझा कम्प्युटर उभा केला. रविवारची एक जादा बॅच घेतली आणि या वेळी एकेक वस्तू स्वतः निवडली. सगळ्यात आधी चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय, कारण पाया तोच. मदरबोर्ड जुनाच ठेवला आणि त्यात बसेल असा वरचा प्रोसेसर वापरलेला घेतला, पण वापरलेला आहे हे मला माहीत असताना. रॅमची एक पट्टी होती, तिला तसलीच जोडीदार आणली. उरलेल्या पैशांत ग्राफिक कार्ड लहानच आलं, पण नवं आलं. गेम सुरळीत चालायला लागला. तरी मला चैन पडेना.

संधी चालून आली. रेणापूरच्या माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील नांदेडला गेम खेळायचं सेंटर टाकणार होते. फी भरायला आले तेव्हा सहज बोलले. कम्प्युटर कुठून घेताय, म्हणून विचारलं तर त्यांनी भाऊजींचंच दुकान सांगितलं. मी म्हटलं, "पैसे द्यायच्या आधी मला एकदा सोबत न्या."

त्यांच्याबरोबर मी दुकानात शिरले तेव्हा भाऊजींचा चेहरा उतरला. तरी, "या वहिनी, या," म्हणाले.

"तुमच्या माणसाला एक कम्प्युटर उघडायला सांगा," मी म्हटलं. "आणि कार्डाचं खोकंही आणा."

"वहिनी, सील तुटतं. गिऱ्हाइकाची वारंटी जाईल."

"गिऱ्हाईक मीच हाय," ते वडील म्हणाले. "उघडा."

डबा उघडला. कार्डावरचा नंबर मी मोठ्यानं वाचला, मग खोक्यावरचा वाचला. दोन्ही वेगळे, म्हणजे कार्ड त्या खोक्यातलं नव्हतंच. पॉवर सप्लाय काढून त्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वरखाली केला, टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेले. दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. तीही ऐकत होती.

भाऊजी हळूच म्हणाले, "घरचं माणूस असून असं केलंत?"

"हाव," मी म्हटलं. "घरचीच हाय, म्हणून इतके दिवस थांबले."

परतीच्या बसमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं की शेजारच्या बाईला मी खिडकीची जागा दिली.

नातेवाइकांत बोंब झाली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस मावशी, भाऊजींची आई, स्वतः लातूरला आल्या. पिशवीतून त्यांनी एक खोकं काढलं. आत नवंकोरं ग्राफिक कार्ड, माझ्याकडच्यापेक्षा बरंच भारी. "त्यानं पाठवलंय. आता मिटव बाई," त्या म्हणाल्या.

मी खोकं हातात घेतलं. खोटं कशाला बोलू, ते कार्ड मला हवं होतं. त्यावर कुठले कुठले गेम चालतील, हे मनात येऊनही गेलं. मी मावशींना जेवायला वाढलं, साडी-ब्लाऊजपीस दिलं, पाया पडले आणि खोकं परत त्यांच्या पिशवीत ठेवलं.

"पंगतीत बोलले होते," मी म्हटलं. "पंगतीतच माफी मागायला सांगा. कार्ड नको."

मावशींनी पिशवी उचलली. नवरा त्यांना स्टँडवर सोडून आला आणि दारातच म्हणाला, "अगं, केवढं महागाचं कार्ड होतं ते."

मी तोवर कम्प्युटर सुरू केला होता. येत्या वैशाखात भाऊजींच्या पुतणीचं लग्न आहे, म्हणजे पंगत आलीच. मी जाणार आहे.