विटांच्या तुकड्यांतला मोगरा

दुष्काळात वैरागचा, माझ्या आईच्या दारचा मोगरा वाळून गेला. आई त्याच्याही आधी गेली होती. लग्नानंतर मी त्या मोगऱ्याची एक फांदी सोलापूरला आणून लावली होती, तेवढीच उरली. पण आमच्या काळ्या मातीत ती काही रमेना. पाणी घातलं की चिखल, आणि जरा विसरलं की भेगा.

आमच्या ह्यांना मासिकं वाचून प्रयोग करायची भारी हौस. म्हणाले, "मातीच नको. डब्याच्या बुडातून वात सोडायची, खाली पाण्याचा कटोरा ठेवायचा. वात पाणी वर ओढते. डब्यात मातीऐवजी दुसरं काहीतरी भरायचं."

"काहीतरी म्हणजे काय?"

ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी बजावलं, आधी पुदिन्यावर करा. माझ्या मोगऱ्याला हात लावाल तर बघा!

वाळू घातली, ती घट्ट दबून बसली आणि पुदिना गुदमरला. शेंगांची टरफलं घातली, तर ती कुजून असा वास सुटला की सासूबाई म्हणाल्या, "टरफलं चुलीत घालायची असत्यात, डब्यात न्हाय." हे हिरमुसले. मला मात्र आता चेव आला. एकदा रांजणाखालची जागा पुसताना लक्षात आलं, इथली वीट सदा ओली असते, पण तिचा चिखल कधी होत नाही. मग एक वीट फोडली, धूळ चाळून काढली आणि हरभऱ्याएवढे तुकडे डब्यात भरले. चादरीच्या सुताची वात केली, कटोऱ्यात शेणाचं गाळलेलं पाणी ओतलं. पुदिना तरारला. तेव्हा कुठे मोगरा तसल्याच डब्यात हलवून तुळशीपाशी ठेवला, आणि तोही पालवला.

भावाच्या लग्नाला मी निर्धास्त गेले. परत येऊन बघते तर मोगऱ्याने मान टाकलेली, आणि डब्याला शेंगतेलाचा वास. वळसंगहून आलेल्या मावससासूबाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या, "तुळशीपाशी दिवा तसाच सोडून गेलीस की गं! एण्णी संपलं हुतं, म्या घातलं. पेटवाय बी बघितलं, पर वात लई ओली."

त्यांच्या कानडीत एण्णी म्हणजे तेल. वात आणि कटोरा बघून त्यांना तो दिवाच वाटला होता. आईचं शेवटचं जिवंत काही माझ्याकडे होतं, तेही गेलं असं वाटून मला रडूच फुटलं.

"अगं, माती असती तर संपलंच होतं," हे म्हणाले आणि त्यांनी डबा हलकेच उपडा केला. तुकडे घरंगळले, मुळं अख्खी हातात आली. आम्ही ती रिठ्याच्या पाण्यात धुतली. मावससासूबाईंनी पदर खोचला, वरवंटा घेतला आणि नवी वीट अशी फोडली की शेजारीण डोकावून गेली.

उन्हाळ्यात पहिलं फूल आलं. मी ते देवापुढे ठेवायला निघाले, तर सासूबाईंनी वाटेतच हातातून काढून घेतलं आणि माझ्या अंबाड्यात खोचलं.

"देवाला उद्याचं. हे तुझ्या माहेरचं हाय."

वास तोच आहे का, ते मला त्या दिवशी कळलंच नाही. नाक आधीच भरून आलं होतं.